पंखात तलवार

गेल्या महिन्यात मुलाने माझ्यावर एक कामगिरी सोपवली. त्याची मुलगी बारावीला आहे आणि गणिताच्या वहीची मागची पाने चित्रांनी भरते आहे. "बाबा, ती तुमचं ऐकते. जरा समजावून सांगा," एवढेच तो म्हणाला. उभी हयात बँकेत थकलेल्या कर्जदारांना समजावण्यात गेली असल्याने हे काम मला जमेल, असे त्याला वाटले असावे.

मी वही उघडली. पानोपानी एकच आकृती. उंच मानेची, सडपातळ, क्रौंच पक्ष्याच्या डोक्याची एक वीरांगना. पाठीला पंख आणि दोन्ही हातांत जपानी तलवारी. "डिझाइनच्या प्रवेशासाठी हीच दाखवणार," नात म्हणाली. आता मी पडलो कादंबरीकार. पात्र जन्माला घालण्याचे व्यसन कसे असते ते मला ठाऊक आहे. त्यामुळे जे विचारायला आलो होतो ते राहिले बाजूला आणि तोंडून निघून गेले, "उडताना ही तलवारी कुठे ठेवते?" कामगिरी तिथेच फसली.

आपल्याकडे पक्षी आणि योद्धा म्हटले की जटायू. इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला त्याने देह ठेवला, अशी श्रद्धा आहे. रविवर्म्याचे जटायुवधाचे चित्र पुष्कळांच्या डोळ्यांसमोर असेल: रावणाच्या हातात तलवार आणि छाटला गेलेला पंख. मी नातीला म्हटले, "बघ, आपल्या कथेत तलवार पक्ष्याच्या हातात नाही, ती त्याच्यावर चालते. तो लढतो चोचीने आणि नखांनी." ती पटकन म्हणाली, "म्हणून तर हरला ना, आजोबा! मी तलवार दिली." याला उत्तर नव्हते.

मग आम्ही दोघांनी जपानकडे मोर्चा वळवला. तिकडे सासाकी कोजिरो नावाच्या तलवारबहाद्दराची आख्यायिका आहे. त्याचा गाजलेला वार म्हणजे 'त्सुबामे गाएशी', पाकोळीचे वळण. उडती पाकोळी जशी क्षणात उलटी फिरते, तशी खाली आलेली तलवार त्याच दमात वर फिरवायची. त्याची तलवार इतकी लांब होती की लोक तिला 'कपडे वाळत घालायची काठी' म्हणत. १६१२ साली एका बेटावर मियामोतो मुसाशीने त्याला मारले, तेही म्हणे वल्ह्यातून कोरलेल्या लाकडी तलवारीने. याच मुसाशीने पुढे दोन्ही हातांत तलवार धरून लढण्याची पद्धत नावारूपाला आणली. पण त्या दोन तलवारी एकसारख्या नसतात. एक लांब, ती कताना. दुसरी आखूड, ती वाकिझाशी. नातीने त्याच संध्याकाळी डाव्या हातातली तलवार खोडून आखूड केली.

रविवारी तिला घेऊन सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात गेलो. पुणेकर तिथे फोटो काढायला जातात. हे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएनवरून बेतले आहे, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते. कोराकुएन १७०० साली पुरे झाले आणि तिथे आजही लाल टोपीचे क्रौंच पाळलेले आहेत. महायुद्धाच्या काळात ते नाहीसे झाले होते. १९५६ साली चिनी विद्वान कुओ मोजो यांनी एक जोडी भेट दिली. तरुणपणी ते ओकायामाला शिकायला होते. त्याच प्रांतात बिझेन ओसाफुने, जुन्या जपानी तलवारींचे माहेरघर. म्हणजे नातीच्या वहीतला क्रौंच आणि तलवार हे एकाच गावचे शेजारी निघाले!

आपल्या उद्यानात क्रौंच कुठला? पाण्याच्या काठाला एक ढोकरी उभी होती. मातकट, मान खांद्यात घातलेली, पेन्शनच्या रांगेत उभी राहावी तशी. नात जरा हिरमुसली. कुणाचे तरी पोर धावत आले आणि ढोकरी उडाली, तसे तिचे पंख उघडले. पांढरेशुभ्र! बसलेली असताना त्या शुभ्रतेचा मागमूस नसतो. नातीने माझा दंड घट्ट धरला. त्या रात्री तिची वीरांगना मातीच्या रंगाच्या अंगरख्यात गेली आणि पांढरा रंग फक्त वार करतानाच दिसू लागला.

डौल कुठून येतो, हे तिला मी त्या तलवारीवरूनच सांगितले. जपानी लोहार तापवलेले पाते पाण्यात घालण्यापूर्वी त्याला मातीचा लेप देतो, पाठीला जाड आणि धारेला पातळ. धार चटकन निवते, कडक होते आणि प्रसरण पावते; पाठ सावकाश निवते. या ओढाताणीत पाते वाकते. ती देखणी कमान पाण्यातच पक्की होते. बगळ्याची नागमोडी मानही अशीच. तिच्यातल्या सहाव्या मणक्याच्या घडणीमुळे ती घडी घालून ठेवता येते आणि मासा दिसताच भाल्यासारखी सुटते.

माझा हट्ट दांडपट्ट्याचा होता. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, मनगट वळत नाही, सगळा बाहूच फिरतो. पंखाला याहून जवळचे हत्यार कुठले? नातीने ते काढूनही पाहिले. मग म्हणाली, "छान आहे, आजोबा. पण ही वेगळी बाई आहे." पात्र आपल्या निर्मात्याखेरीज कुणाचे ऐकत नाही, हे मी तरी विसरायला नको होते.

परवा मुलाने विचारलेच, "समजावलंत?" मी वही पुढे केली. तो यंत्र अभियंता आहे. बराच वेळ पाने उलटत राहिला. शेवटी म्हणाला, "एकेक तलवार किलोच्या आसपास धरली, तर हा खांदा पेलणार नाही. पंखाचं मूळ खाली घ्यायला हवं." आणि त्याने तिच्याकडे पेन्सिल मागितली.

प्रवेश-अर्जावरची सही अजून व्हायची आहे. मुदत महिनाअखेरची आहे.