तानाबेच्या देवराया

ओसाका शहराहून दक्षिणेस जाणाऱ्या एका आगगाडीस ‘कुरोशिओ’ असे नाव आहे. कुरोशिओ म्हणजे काळा प्रवाह. जपानच्या किनाऱ्याजवळून वर सरकणारा उष्ण पाण्याचा जो प्रचंड ओघ आहे, त्याचेच हे नाव. डोंगर एकीकडे, समुद्र दुसरीकडे आणि मध्ये जेमतेम रुळांपुरती जागा, अशा वाटेने ही गाडी दोन तास बोगद्यांतून डोकावत धावते. आमचे कनिष्ठ चिरंजीव ओसाका येथे नोकरीस असल्यामुळे गेल्या वैशाखात आम्हां उभयतांस तिकडे जाण्याचा योग आला, व त्यांपैकी चार दिवस आम्ही वाकायामा प्रांतातील तानाबे नावाच्या बंदरगावी काढले. क्योतो व नारा येथील देवालयांची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. तानाबेविषयी मराठीत काही वाचल्याचे आम्हांस स्मरत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

गावाचे क्षेत्र कागदोपत्री अवाढव्य आहे. २००५ साली आसपासची डोंगरी गावे यात सामील करण्यात आली. तेव्हापासून एक हजार चौरस किलोमीटरांहून अधिक मुलूख या एका नगरपालिकेखाली येतो. पण त्यातला बहुतेक भाग अरण्याचा, आणि २०२० च्या शिरगणतीप्रमाणे वस्ती अवघी सत्तर हजारांच्या आसपास. बंदराजवळच्या जुन्या गल्ल्यांतून दुपारी हिंडताना आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येतो. अंगणे झाडलेली, दारे लोटलेली, एखादी म्हातारी सायकलवरून भाजी घेऊन जाताना मान लववून नमस्कार करणार. खांबोखांबी पाट्या आहेत. त्यांवर ही जागा समुद्रसपाटीपासून किती उंच आहे व भूकंपानंतर लाट आल्यास कोणत्या टेकडीकडे धावावे हे लिहिलेले. १९४६ च्या डिसेंबरातील भूकंपात अशी लाट येथे आली होती. शांत गाव हे निश्चिंत गाव असतेच असे नाही.

स्टेशनाबाहेर बेन्केई नामक दांडग्या योद्धा-संन्याशाचा पुतळा आहे. तो बाराव्या शतकातला. त्याचा जन्म येथलाच, असा गावकऱ्यांचा आग्रह. जवळच तोकेई नावाचे देवस्थान आहे. त्या नावाचा अर्थ ‘कोंबड्यांची झुंज’. ११८५ सालच्या यादवीत कोणत्या पक्षास मिळावे हे ठरविण्यासाठी तेथील मुख्याने देवापुढे तांबडे व पांढरे कोंबडे झुंजविले, पांढरे जिंकले, व त्याने आपली गलबते पांढऱ्या निशाणाच्या पक्षास दिली, अशी आख्यायिका आहे. राजकारण आजही याहून फारशा निराळ्या रीतीने चालत असेल असे आम्हांस वाटत नाही.

भोजनाची अडचण मात्र सांगितली पाहिजे. समुद्रकाठचे गाव, जे दिसते ते मासळीचे, आणि जे दिसत नाही तेही मासळीचेच, कारण तेथील साध्या भाजीच्या रसातदेखील वाळविलेल्या माशाचे पाणी असते. सौभाग्यवतींनी पहिल्याच सांजेस हे ओळखून हात आवरला. पण या प्रांतावर ‘उमे’ नावाच्या फळाची कृपा आहे. जर्दाळूच्या जातीचे हे आंबट फळ मिठात मुरवून, उन्हात वाळवून ठेवतात. पांढरा मऊ भात आणि त्यावर एक उमे, हे आमचे चार दिवसांचे मुख्य अन्न झाले. कैरीच्या लोणच्यावर वाढलेल्या जिभेस त्यात परकेपणा वाटला नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या गृहस्थाकडे वळतो. मिनाकाता कुमागुसु हे त्यांचे नाव. जन्म १८६७ चा, वाकायामा शहरी, व्यापाऱ्याच्या घरी. नावातील ‘कुसु’ म्हणजे कापराचा वृक्ष. त्या प्रांतात एका देवस्थानच्या कापूरवृक्षावरून मुलांस नावे देण्याची चाल होती. लहानपणी शेजाऱ्याकडील एकशे पाच भागांचा ज्ञानकोश तेथे बसून वाचावा, घरी येऊन स्मरणाने उतरून काढावा, असा त्यांचा क्रम असल्याचे सांगतात. ज्यांच्या घरी पाठांतराची परंपरा आहे त्यांस ही गोष्ट अशक्य वाटणार नाही. पुढे तोक्योच्या सरकारी विद्यालयात परीक्षेत नापास होऊन त्यांनी शाळा सोडली, अमेरिकेस गेले, क्यूबापर्यंत भटकले, व १८९२ ते १९०० ही वर्षे लंडनला काढली. ब्रिटिश म्यूझियममध्ये बसून त्यांनी नाना भाषांतील ग्रंथांचे उतारे बावन्न वह्यांत लिहून काढले आणि ‘नेचर’ या शास्त्रीय पत्रात पन्नासांवर टिपणे छापविली. पदवी नाही, हुद्दा नाही, पगार नाही! आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे न गेलेले असल्यामुळे या मजकुराने आम्हांस काहीसे समाधान झाले, हे लपविण्यात अर्थ नाही.

लंडनमध्येच १८९३ साली त्यांची गाठ दोकी होर्यू नावाच्या बौद्ध आचार्यांशी पडली. ज्या शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, तीच परिषद आटोपून हे आचार्य परतत होते. त्यांचा पंथ शिंगोन, म्हणजे मंत्रयानाचा. या पंथात बीजाक्षरे आजही सिद्धम् लिपीत लिहितात. दोघांचा पत्रव्यवहार पुढे अनेक वर्षे चालला. त्यातच कुमागुसु यांनी १९०३ च्या सुमारास एक आकृती काढून पाठविली: असंख्य रेषा एकमेकींस छेदीत जातात, आणि जेथे पुष्कळ रेषा मिळतात तेथे हात घातला म्हणजे बाकीच्यांचा उलगडा होतो. तिला आज ‘मिनाकाता-मंडल’ म्हणतात. संस्कृत शब्द आपल्यापासून इतक्या दूर जाऊन असे काम करीत बसलेला पाहिला म्हणजे माहेरचे माणूस भेटल्यासारखे होते.

१९०४ साली ते तानाबेस येऊन राहिले, तोकेई देवस्थानच्या पुजाऱ्याच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला, आणि १९४१ मध्ये देह ठेवीपर्यंत ते येथेच होते. त्यांचे राहते घर व बाग जतन केली आहे. उन्हाळ्यात हा पंडित घरात बहुधा दिगंबर अवस्थेतच वावरे, हेही तेथे सांगण्यास कोणी संकोचत नाही. त्यांच्या अभ्यासाचा खास विषय म्हणजे कुजक्या ओल्या लाकडावर पसरणारा एक चिकट जीव. इंग्रजीत त्यास स्लाइम मोल्ड म्हणतात. तो कधी प्राण्यासारखा सरपटतो, कधी बुरशीसारखा देठ उभारून बीजे उधळतो. अंगणातील पर्सिमनच्या झाडावर १९१७ साली त्यांस याची एक नवीनच जात सापडली व तिला विलायतेच्या विदुषीने त्यांचे नाव दिले. ज्याकडे पाहून आपण नाक मुरडावे, त्याच्यासमोर हा मनुष्य तासन्‌तास भिंग घेऊन बसे.

अशा निरुपद्रवी माणसास तुरुंगात जाण्याचे कारण काय पडले? १९०६ साली जपान सरकारने हुकूम काढला, की गावोगावची लहान देवस्थाने मोडून एका गावास एकच देऊळ ठेवावे. हेतू वरवर चांगला: देवळे थोडी असावीत, पण नीटनेटकी असावीत. परंतु प्रत्येक लहान देवळाभोवती पुरातन राई होती. देव हलविला की राईचा धनी नाहीसा होई आणि लाकडाचा लिलाव होई. १९१४ पर्यंत देशातील सुमारे दोन लाख देवस्थानांपैकी सत्तर हजार अशा रीतीने नाहीशी झाली. वाकायामा प्रांतात हा उत्साह विशेष होता.

कुमागुसु यांनी वर्तमानपत्रांत लेखांचा भडिमार केला. १९१० च्या ऑगस्टात तानाबेच्या शाळेत शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग भरला होता, व देवळे मोडण्याचा पुरस्कार करणारा अधिकारी तेथे आला होता. त्यास भेटू दिले नाही म्हणून हे महाशय मद्याच्या भरात सभेत घुसले आणि हातातील नमुन्यांची पिशवीच त्यांनी भिरकावली. अठरा दिवस कोठडीत काढावे लागले. तेथेही त्यांस ओलसर जागी एक स्लाइम मोल्ड आढळला! मद्यपानाची वा सभेतील दंग्याची तरफदारी आम्ही करणार नाही. पण त्या सभेत बसलेल्या शिक्षकांपैकी किती जणांस आपल्या गावच्या राईतील दहा झाडांची नावे सांगता आली असती, हा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही.

कारण त्यांच्या लढ्याचे बळ येथेच होते. झाडे तोडू नका, देव कोपेल, असे म्हणणारे गावोगावी होतेच. त्यांचे कोणी ऐकले नाही. कुमागुसु यांनी प्रत्येक राईत काय आहे ते लिहून काढले: कोणता नेचा, कोणते शेवाळ, कोणती वेल, आणि त्यांतील कोणती दुसरीकडे मिळत नाही. १९११ साली गव्हर्नरास लिहिलेल्या पत्रात त्यांनी ‘इकॉलॉजी’ हा शब्द घातला. तो त्या काळी जपानात फारच थोड्यांच्या कानांवर आला होता. त्याच वर्षी लोकविद्येचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी त्यांची पत्रे छापून तोक्योच्या विद्वानांत वाटली. पुढच्या वर्षी त्यांनी या हुकुमाचे आठ तोटे मांडले. देऊळ गेले की माणसे एकत्र येण्याची जागा जाते, जुना इतिहास पुसतो, असे सांगताना शास्त्राच्या हानीचीही त्यांनी तितक्याच बारकाईने मोजदाद केली. अखेर १९२० मध्ये वरिष्ठ सभागृहाने हे धोरण निरुपयोगी ठरविले. तोपर्यंत जे जावयाचे ते पुष्कळसे गेले होते.

जे उरले त्यापैकी दोन ठिकाणे आम्ही पाहिली. डोंगरात नोनाका येथे यात्रेच्या जुन्या वाटेवर काही प्रचंड सुगी वृक्ष उभे आहेत. त्यांच्या फांद्या एकाच बाजूस, दक्षिणेकडे, नाची तीर्थाच्या दिशेने वळलेल्या आहेत. पूर्वी तेथे चाळीसएक होते म्हणतात. आता बोटांवर मोजण्याइतके आहेत. भोवतालचा डोंगर हिरवागारच आहे. पण ती हिरवाई लाकडासाठी लावलेल्या झाडांची, पलटणीसारखी ओळीत उभी असलेली. त्या ओळींतून चालून आल्यावर या वृद्धांखाली उभे राहिले म्हणजे राई आणि लागवड यांतील भेद सांगावा लागत नाही.

दुसरे ठिकाण काशिमा बेट. ते उपसागरात किनाऱ्यावरून दिसते. परवानगीवाचून तेथे उतरता येत नाही, म्हणून आम्ही किनाऱ्यावरूनच पाहिले. पाण्यातून वर आलेला गर्द झाडीचा एक गोळा, इतकेच. तेथे आपल्या आपट्याच्या कुळातली एक वेल वाढते. तिचेही पान तसेच दुभंगलेले. दसऱ्यास सोने म्हणून जे पान आपण वाटतो, त्याची चुलत बहीण येथे देवाच्या बेटावर आहे हे ऐकून सौभाग्यवतींनी तिकडे हात जोडले. या बेटावरील तोड कुमागुसु यांनी थांबविली. १ जून १९२९ रोजी सम्राट हिरोहितो, जे स्वतः जीवशास्त्राचे अभ्यासक होते, या बेटावर आले, आणि कुमागुसु यांनी त्यांस स्लाइम मोल्डचे एकशे दहा नमुने नजर केले. सम्राटास द्यावयाची वस्तू उंची लाकडी पेटीत द्यावी असा शिरस्ता. यांनी ती कॅरमेलच्या गोळ्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून दिली. १९३५ साली बेट राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झाले. १९६२ मध्ये पुन्हा या किनाऱ्यास आलेल्या सम्राटांनी पावसात ते बेट पाहून एक कविता रचली व तीत या प्रजाजनाचे नाव घातले.

आता थोडे घरचे. कोकणात आमच्या जन्मगावी ग्रामदेवतेच्या देवळामागे अशीच राई आहे. आमच्याकडे तिला देवरहाटी म्हणतात. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील अशा देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल सुशिक्षितांस दाखविले. तथापि आमच्या गावी गेली दोन वर्षे विचार चालला आहे, की देवळाचा सभामंडप सिमेंटचा करावा आणि खर्चासाठी रहाटीतील ऐन व किंजळ विकावे. विचार करणारी मंडळी दुष्ट नाहीत. त्यांतील काही आमचेच विद्यार्थी आहेत. देवळाचे छप्पर खरोखरच गळते, आणि मुंबईकरांच्या वर्गणीस अंत आहे. आमचे मत विचारणारे पत्र आम्ही निघण्यापूर्वी आले होते. उत्तर आम्ही तानाबे येथील मुक्कामात लिहिले. छप्पर कौलांनी शाकारता येईल, आमची यथाशक्ति वर्गणी सोबत आहे. परंतु मंडपाविषयी काहीही ठरविण्यापूर्वी शाळेतील मुलांस घेऊन एक महिना रहाटीत जावे आणि तेथे उभे असलेल्या प्रत्येक झाडाचे, वेलीचे नाव वहीत लिहावे, जी नावे कोणास ठाऊक नसतील ती गावातील वृद्धांस विचारावीत, इतकेच त्यात मागितले. पोच आली आहे. वही सुरू झाली की नाही, ते अद्याप कळलेले नाही.

तानाबेच्या लोकांनी मात्र आपल्या पंडिताचा धडा पुढे चालविला. गावच्या वायव्येस तेनजिनझाकी नावाचे भूशिर आहे. ओहोटीच्या वेळी तेथील सपाट खडकांवर पाणी आरशासारखे पसरते. १९७४ साली तेथे बंगले उठावयाचे होते. तेव्हा तोयामा हाचिरो नावाच्या एका शाळामास्तरांच्या पुढाकाराने नागरिकांनी वर्गणी जमवून ती जमीन तुकड्यातुकड्याने विकत घेण्यास आरंभ केला. मागील टेकडीवरची झाडी राहिली तरच खडकांतील जीव राहतील, हे त्यांचे म्हणणे. आम्ही गेलो तेव्हा दोन मुली अनवाणी त्या खडकांवर खेकडे पाहत होत्या.

शेवटच्या सकाळी आइझु नदीच्या काठाने जाताना सौभाग्यवती थबकल्या आणि म्हणाल्या, “अहो, हा आपला बकाणा निंब!” खरोखरच फिकट जांभळ्या फुलोऱ्याने झाड भरले होते. जपानीत यास ‘सेन्दान’ म्हणतात. हा शब्द म्हणजे आपला ‘चन्दन’. बौद्ध ग्रंथांबरोबर तो तिकडे गेला आणि कसा कोण जाणे, या भलत्याच झाडास चिकटला. कुमागुसु यांस हे झाड फार प्रिय होते. सम्राटांच्या भेटीच्या दिवशी त्यांच्या अंगणात ते फुललेले होते. १९४१ च्या डिसेंबरात, अंतकाळी, छताकडे पाहून ते म्हणाले, की वर जांभळी फुले उमलली आहेत. वैद्यास बोलावू नका, तो आला म्हणजे ती नाहीशी होतील.