जुन्या विद्यार्थ्यांची वही कोण ठेवणार?

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतले एक गृहस्थ पुण्याहून दर्यापूरला आले होते. वयाने आमच्याहून चार-पाच वर्षांनी लहान. वडिलांनी जन्मभर जिनिंगमध्ये हमाली केली, मुलगा मात्र शिकला आणि आज एका कारखान्यात बऱ्या हुद्द्यावर आहे. ज्या कॉलेजाने आपल्याला घडविले तेथे काही द्यावे असे त्यांच्या मनात आले. पंचवीस हजार रुपये खिशात घालून ते आपल्या जुन्या कॉलेजात गेले. आम्हीही सोबत होतो. (कॉलेजाचे नाव येथे देत नाही, कारण गोष्ट एकट्या त्या कॉलेजाची नाही.) पहिल्या खिडकीवर सांगितले, वरच्या साहेबांना भेटा. साहेब मीटिंगमध्ये होते. शेवटी एक प्राध्यापक भेटले. माजी विद्यार्थी संघ कागदावर आहे, पण त्याचे बँक खाते सध्या चालू नाही, रक्कम रोख ठेवून जा, पावती मागाहून पाठवू, असे ते म्हणाले.

आमचे मित्र बाहेर येऊन निंबाखाली उभे राहिले. गावात पाय ठेवला की त्यांच्या तोंडी वऱ्हाडीच येते. म्हणाले, "दादा, द्याले आलो तं घेनारं कोनी नाही. आता म्या कोनाले देऊ हे पैसे?"

पैसे पुण्याला परत गेले. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीची परीक्षा फी भरायची होती. भारत सरकारची शिष्यवृत्ती मंजूर होती, खात्यात जमा झाली नव्हती. तिच्या आईने कानातले गहाण ठेवून फी भरली. एका बाजूला देणारा परत जातो, दुसऱ्या बाजूला कानातले सावकाराकडे जाते आणि मध्ये एक कोरी पावती कोणी फाडत नाही. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. हिशेब जुळला नाही की आम्हाला झोप येत नाही. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे.

वाचक म्हणतील, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा तर दर दोन-चार वर्षांनी होतोच. होतो ना! नॅकची कमिटी यायची असली की होतो. २०१७ पासूनच्या नॅकच्या मूल्यांकन-पद्धतीत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला वेगळे स्थान दिले गेले, त्यांनी किती रुपयांचे साहाय्य केले हेही विचारले जाऊ लागले. म्हणून घाईघाईने फॉर्म भरून घ्यायचे, हार-तुरे, फोटो, जेवण. कमिटी गेली की फॉर्म कपाटात. ज्याने दोनशे रुपये दिले त्याला त्याचे काय झाले हे कळत नाही. पुढच्या वेळी तो येत नाही, आणि मग आपणच म्हणतो, शिकलेली माणसे समाजाला विसरली.

परदेशात विद्यापीठांनी हे काम केव्हाच एक रीतसर पेशा म्हणून उभे केले. जुन्या विद्यार्थ्यांशी संबंध ठेवणे आणि निधी जमविणे यासाठी स्वतंत्र कार्यालय, पगारी माणसे आणि त्या माणसांचे प्रशिक्षण. अमेरिकेत १९७४ साली दोन जुन्या संघटना एकत्र होऊन 'केस' ही संघटना झाली, आणि या पेशातील लोकांना शिकविण्याचे काम ती आजही करते.

आपल्या वाचकांना जवळचा दाखला बाबासाहेबांचाच आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, तेही बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. त्यांना तेथून निघून चौदा वर्षे झाली तरी विद्यापीठाने त्यांचा माग सोडला नव्हता. डिसेंबर १९३० च्या तेथील माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात बाबासाहेबांचे मनोगत आले, त्यात त्यांनी कोलंबियातील काही वर्गमित्र आणि ड्युई, शॉटवेल, सेलिग्मन, रॉबिन्सन हे प्राध्यापक यांना आयुष्यातील उत्तम मित्र म्हटले आहे. पुढे जून १९५२ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना बोलावून सन्माननीय डॉक्टरेट दिली. सातासमुद्रापलीकडच्या विद्यार्थ्याचा पत्ता त्यांच्याकडे होता. आमच्या कॉलेजांकडे अकोल्यात राहणाऱ्याचा नसतो.

आपल्या देशातही आता मोठ्या संस्थांनी हे धरले आहे. पवईच्या आय.आय.टी.त माजी विद्यार्थ्यांच्या कामासाठी वेगळे अधिष्ठाता आहेत. १९७३ साली तेथे दाखल झालेले नंदन निलेकणी यांनी पन्नास वर्षे झाल्यानिमित्त २०२३ च्या जूनमध्ये ३१५ कोटी रुपये दिले, आधीचे ८५ कोटी धरून ४०० कोटी. त्याच वर्षी १९९८ च्या बॅचने मिळून ५७ कोटी दिले. आकडे ऐकून आपले डोळे फिरतात, पण शिकायचे ते दुसरेच. बॅचला पंचवीस वर्षे झाली की त्या बॅचमधलेच चार-दोन जण आपल्या सोबत्यांना फोन करतात. अनोळखी साहेबाच्या पत्राला माणूस उत्तर देत नाही. एका बाकावर बसलेल्याने फोन केला तर देतो.

आता आमच्याकडचे पाहा. निधी जमविण्याच्या विद्येत वऱ्हाड मागे आहे असे कोणी म्हणू नये. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली शेंडगावचा. आज ते गाव अंजनगाव सुर्जी तालुक्यात आहे, पूर्वी आमच्या दर्यापूर तालुक्यात होते. अक्षरओळख नसलेल्या या माणसाने कीर्तनातून लोकांचा पैसा उभा केला, धर्मशाळा बांधल्या आणि स्वतःकरिता काही ठेवले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. आज अमरावती विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. लोक त्यांना देत, कारण दिलेला पैसा दगड-विटांच्या रूपाने डोळ्यांसमोर उभा दिसे.

आणि आपल्या वस्तीतला जयंतीचा वर्गणीवाला पोरगा? एप्रिल लागला की पावतीबुक घेऊन तो दारोदार फिरतो. कोणाकडे यंदा लग्न झाले, कोणाची नोकरी लागली, कोणाकडे मागायचेच नाही, सगळे त्याच्या तोंडपाठ. जयंतीनंतर विहारात जमाखर्च वाचला जातो, आणि दहा रुपयांची चूक निघाली तरी म्हातारी माणसे सोडत नाहीत. आमचे स्पष्ट मत आहे की, विद्यापीठांच्या त्या मोठ्या कार्यालयांतला अर्धा अभ्यासक्रम या पोराने वस्तीतच पुरा केलेला असतो. उरलेला अर्धा मात्र त्याला कोणी शिकवीत नाही.

तो उरलेला अर्धा म्हणजे वर्षभराचा संबंध. वर्गणी झाली की आपण दार विसरतो. या पेशात मागणे वर्षातून एकदा आणि खुशाली, कॉलेजची बातमी, आभाराचे पत्र हे बारा महिने असते. मागताना "काहीतरी द्या" असे म्हणायचे नसते, "तीन मुलींची परीक्षा फी अडली आहे" असे नेमके सांगायचे असते, आणि फी भरल्यावर तसे कळवायचे असते. मागणारा आणि हिशेब लिहिणारा एकच माणूस नको, हेही त्यातच आले.

काही गोष्टी कायद्याच्या आहेत, आणि तेथे कॉमर्सच्या पोरांनी लक्ष घालावे. संघ नोंदणीकृत हवा, त्याचे स्वतंत्र खाते हवे. ऐंशी-जी म्हणून ओळखली जाणारी करसवलत संस्थेला मंजूर असली तरी दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती लागू होत नाही. म्हणजे आमच्या मित्रांनी त्या दिवशी रोख ठेवली असती तर सवलतही बुडाली असती. परदेशी नागरिकत्व घेतलेला आपलाच भाऊ पैसे पाठवू लागला तर ती विदेशी देणगी ठरते, त्यासाठी केंद्र सरकारची नोंदणी लागते. भारतीय पासपोर्टवर दुबईत नोकरी करणाऱ्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठविले तर तसे नसते. हा फरक ठाऊक नसल्याने संस्था अडचणीत येऊ शकते.

स्थायी निधीचा हिशेब तर सोपा आहे. दोनशे माजी विद्यार्थ्यांनी महिन्याला शंभर रुपये दिले तर वर्षाचे दोन लाख चाळीस हजार होतात. ते बँकेत ठेवले आणि सात टक्के व्याज धरले तर वर्षाला सोळा हजार आठशे. मुद्दलाला हात न लावता तेवढ्यात शिष्यवृत्ती येईपर्यंत कितीतरी परीक्षा फी भरता येतील, आणि शिष्यवृत्ती जमा झाली की पैसे परत निधीत.

२०१६ च्या विद्यापीठ कायद्याने कॉलेज विकास समितीत नेमल्या जाणाऱ्या स्थानिक सभासदांत किमान एक माजी विद्यार्थी असावा असे सांगितले आहे. आपल्या कॉलेजात तो कोण आहे, हे जाऊन विचारा. विचारायला फी लागत नाही.

आम्ही स्वतः काय केले, तर दुकानातून दोनशे पानी रजिस्टर आणले. जयंती मंडळाच्या दोन पोरांना सोबत घेतले आणि वस्तीतून जे जे कोणत्याही कॉलेजात गेले त्यांची नावे लिहायला बसलो. १४३ नावे निघाली. त्यांतल्या ६१ जणांचा पत्ता कोणालाच माहीत नव्हता, आणि या ६१ मध्ये निम्म्याहून अधिक आपल्या लेकी होत्या. लग्न झाले, नाव बदलले, गाव बदलले, की मुलगी यादीतून पुसली जाते. म्हणून माहेरच्या नावाचा वेगळा रकाना आखला. मग त्यांच्या आयांना विचारत फिरलो, तेव्हा कल्याण, नागपूर, सुरत असे पत्ते मिळू लागले. त्या कॉलेजात आता नवे प्राध्यापक हे काम पाहतात. त्यांनी यादी मागितली. आम्ही म्हटले, देतो, पण ज्याचा फोन नंबर आहे त्याला आधी विचारून. तेही कबूल झाले. संघाच्या खात्याचे कागद बँकेत गेले आहेत. पुण्याचे मित्र दर पंधरा दिवसांनी विचारतात, "दादा, खातं निंघालं काय?"

परवा संध्याकाळी ती कानातल्याची मुलगी घरी आली होती. बी.ए. झाली, आता अमरावतीला पुढे शिकायला जाते आहे. रजिस्टर टेबलावर उघडेच होते. तिने पेन मागून घेतला आणि १४४ व्या ओळीत आपले नाव, आईचा पत्ता आणि फोन नंबर स्वतःच्या हाताने लिहिला.