कानांना शहाणे करणारे सर

माणूस गेला तरी त्याची तसबीर भिंतीवर राहते. आवाज मात्र हवेत विरून जातो. तो विरू नये म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, ते आमचे ध्वनिमुद्रणाचे सर गेल्या श्रावणात अचानक गेले. सकाळी चहा घेतला, ‘दुपारी वर्ग आहे, वायरी नीट गुंडाळून ठेवा’ असा विद्यार्थ्यांना निरोप धाडला, आणि तासाभरात हृदयाने दगा दिला.

मी मराठीचा प्राध्यापक. यंत्रांशी माझा संबंध पंख्याच्या बटणापुरता! पण खेड्यांतल्या आजीबाईंच्या जात्यावरच्या ओव्या टिपून ठेवाव्यात, या ओढीने २०१२ साली मी पुण्यात त्यांच्या वर्गात जाऊन बसलो.

पहिल्या दिवशी सरांनी यंत्राला हातच लावू दिला नाही. रिकाम्या खोलीत त्यांनी एक टाळी वाजवली. खोली घुमली. मग आम्हांलाच गाद्या-सतरंज्या वाहायला लावून पुन्हा टाळी वाजवली. घुमारा गडप! “हार्वर्डच्या वॉलेस सॅबिनने १८९५ साली हेच केलं,” सर म्हणाले. सॅबिन रात्री नाट्यगृहातल्या गाद्या व्याख्यानगृहात आणून टाकी आणि आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजी. त्याच्या गणितावर १९०० साली बॉस्टनचे सिम्फनी हॉल उभे राहिले. १९१९ साली तोही अवघ्या पन्नासाव्या वर्षी गेला.

सरांच्या हाती रुक्ष विषयही रसाळ होई. “प्राध्यापक, तुमच्या व्याकरणातले ‘फ’ आणि ‘भ’ हे महाप्राण इथे मायक्रोफोनवर फुंकर मारतात बरं! तो तोंडासमोर नको, जरा बाजूला धरा.” वीस वर्षे शिकवलेल्या व्याकरणाला अशी हवा लागलेली मी प्रथमच पाहिली—नव्हे, ऐकली!

त्यांचा आणखी एक दंडक होता. काम संपले की सर्वांनी गप्प बसायचे आणि अर्धा मिनिट खोलीची शांतता मुद्रित करायची. प्रत्येक जागेची शांतता निराळी असते; पुढे जोडकाम करताना दोन वाक्यांच्या मध्ये तीच भरावी लागते, नाहीतर सांधा कानाला खुपतो.

सर गेल्यावर आम्ही त्यांचा आवाज शोधू लागलो. हजारो तास मुद्रण; पण बोलणारे, गाणारे सारे दुसरेच. सर सापडले ते फक्त त्या अर्ध्या मिनिटांच्या आरंभी. “खोलीची शांतता. कुणी हलू नका.” एवढेच शब्द. त्यांच्या पत्नीने ते तीनदा ऐकले.

आम्ही ज्या अकरा आजींच्या ओव्या टिपल्या, त्यांपैकी आज तिघी उरल्या आहेत. म्हणून वाचकहो, या दिवाळीत घर भरलेले असताना एवढे कराच. पंखा बंद करा, फोन घडी घातलेल्या पंचावर वीतभर अंतराने ठेवा आणि आजीला बोलते करा. शेवटी अर्धा मिनिट सारे गप्प बसा. सरांना हीच दक्षिणा आवडली असती.