संगणकातील खरखर : दोष यंत्राचा की ड्रायव्हरचा?

शाळेतील लिनक्स प्रणालीच्या संगणकावर मुलांना कविता ऐकवावयास घ्यावी आणि शब्दांआधी ‘टक्’ असा आवाज यावा, किंवा मागे अखंड खरखर चालू राहावी, असे कित्येकदा घडते. स्पीकर बिघडला असे मानून नव्या खरेदीचा प्रस्ताव तयार होतो. परंतु पुष्कळदा यंत्र निर्दोष असते. दोष असतो तो ड्रायव्हरच्या, म्हणजे यंत्र व प्रणाली यांना जोडणाऱ्या आज्ञावलीच्या, मांडणीत.

लिनक्समध्ये ध्वनीचे ड्रायव्हर ‘अल्सा’ या व्यवस्थेतून येतात. २००३ साली आलेल्या २.६ आवृत्तीपासून ती प्रणालीची प्रमुख ध्वनिव्यवस्था आहे. इंटेल पद्धतीच्या साउंड कार्डाचा ड्रायव्हर काही सेकंद शांतता राहिल्यास वीज वाचविण्यासाठी कार्डाचा पुरवठा तोडू शकतो. पुरवठा बंद-चालू होताना ‘टक्’ असा आवाज उमटतो. ड्रायव्हरमधील ‘पॉवर सेव्ह’चे मूल्य ० केल्यास या कारणाने येणारा आवाज थांबतो, वीज मात्र किंचित अधिक लागते.

अखंड खरखरीचे कारण निराळे असू शकते. ‘अल्सामिक्सर’ उघडून वापरात नसलेला मायक्रोफोन व ‘लाइन-इन’ यांचे मार्ग बंद करावेत आणि ‘माइक बूस्ट’ शून्यावर आणावा. एका वेळी एकच बदल करून त्याची नोंद ठेवावी.

एवढे करूनही खरखर राहिली, तर तोच स्पीकर दुसऱ्या संगणकास जोडून पाहावा. तेथेही ती आली, तरच स्पीकरच्या खरेदीचा विचार करणे योग्य ठरेल.