अनेक हातांचे एक चित्र

चित्रकला ही एकांतात साधावयाची कला आहे, अशी आज आपली सर्वसाधारण समजूत असते. चित्राच्या कोपऱ्यात एकच सही असावी आणि ते एकाच मनातून उतरलेले असावे, असे आपण गृहीत धरतो. परंतु आपल्या देशाच्या अनेक भागांत चित्र काढणे हा सोहळ्याचाच एक भाग होता, आणि काही ठिकाणी तो आजही आहे. सध्या शहरांतून वाढदिवस, लग्नाआधीचे समारंभ आणि कार्यालयीन स्नेहसंमेलने अशा प्रसंगी चित्रकलेच्या कार्यशाळा भरविण्याची प्रथा रूढ होत आहे. तिचे स्वरूप नवे असले तरी तिच्यामागील गरज जुनी आहे. तेव्हा पूर्वी लोक एकत्र येऊन चित्र कसे काढीत, हे समजावून घेणे उपयुक्त ठरेल.

पहिले उदाहरण उत्तर बिहारमधील मिथिलेचे आहे. तेथे विवाहानंतर वधूवर पहिल्या काही रात्री ज्या खोलीत राहतात, तिला 'कोहबर' म्हणतात. या खोलीची भिंत घरातील व शेजारपाजारच्या स्त्रिया मिळून रंगवितात. मध्यभागी कमळांच्या वर्तुळांतून वर गेलेला एक देठ असतो. भोवती बांबू, मासे, कासव, पोपट, सूर्य आणि चंद्र यांच्या आकृती असतात, तर खोलीच्या कोपऱ्यांत नैना-जोगिन रेखाटलेली असते. यांतील बहुतेक चिन्हे वंशवृद्धीची व सौभाग्याची आहेत.

हे काम ज्या रीतीने वाटले जाते, ती लक्षात घेण्याजोगी आहे. सर्वांत जाणती स्त्री बाह्यरेषा आखते. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून केलेल्या कुंचल्याने इतर स्त्रिया त्या रेषांत रंग भरतात. लहान मुली सोपी पाने व ठिपके काढता काढता शिकून जातात. काम चालू असताना गाणीही चालू असतात. ज्या स्त्रीला स्वतःहून मासा काढता येत नाही, तिलाही माशाचे खवले भरता येतात. त्यामुळे या सोहळ्यात निव्वळ प्रेक्षक म्हणून कोणालाच बसावे लागत नाही.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील आहे. डहाणू परिसरातील वारली समाजात विवाहप्रसंगी घराच्या आतील भिंतीवर 'चौक' लिहिला जातो. गेरूने सारवलेल्या पृष्ठभागावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने सवाशिणी तो काढतात. चौकाच्या मध्यभागी पालघाट देवीची स्थापना होते, आणि चौक पूर्ण झाल्याखेरीज लग्न लागत नाही. विवाहाचे विधी धवलेरी ही स्त्री गाण्यांच्या आधारे पार पाडते. येथेही चित्र, गाणे आणि विधी ही एकाच कार्याची तीन अंगे आहेत. चौक कोणी काढला, असे विचारल्यास एका व्यक्तीचे नाव सांगणे कठीण होईल.

या दोन्ही परंपरांच्या इतिहासात मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना विशेष स्थान आहे. १९६६-६७ साली बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्या वेळी अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी त्यांना मिथिलेत पाठविले. तेथील स्त्रियांनी भिंतीवरची चित्रे कागदावर काढावी आणि त्यांच्या विक्रीतून चार पैसे मिळवावे, अशी ही योजना होती. पुढे सत्तरच्या दशकात कुलकर्णी यांनी वारली पाड्यांवरही काम केले. कागद आला तसे नावही आले. मिथिलेच्या जगदंबा देवी यांना १९७५ मध्ये, सीता देवी यांना १९८१ मध्ये आणि गंगा देवी यांना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना हा सन्मान २०११ मध्ये लाभला.

या परिवर्तनाचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. ज्या स्त्रियांना उत्पन्नाचे स्वतंत्र साधन नव्हते, त्यांच्या हाती पैसा आला आणि त्यांच्या कौशल्याला प्रतिष्ठा लाभली. मात्र त्याबरोबर एक गोष्ट मागे पडली. कागदाचा तुकडा एकाच व्यक्तीच्या मांडीवर मावतो. त्याच्याभोवती बारा जणींना बसता येत नाही. गंगा देवींनी दिल्लीच्या शिल्प संग्रहालयात भिंतीवर कोहबर रंगविला होता. २०१५ च्या सुमारास तो नष्ट झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा कलाप्रेमींनी तीव्र दुःख व्यक्त केले. ते योग्यच होते, कारण ती एका श्रेष्ठ कलावतीची कृती होती. गावातील कोहबर मात्र काही काळाने पुसट होतो, भिंत पुन्हा सारवली जाते आणि पुढच्या लग्नात नवे चित्र निघते. तेथे चित्रापेक्षा ते काढण्याची रीत जतन केली जाते.

नामवंत कलावंत आणि सामूहिक काम यांची सांगड घालता येते, हे तिसऱ्या उदाहरणावरून दिसते. फेब्रुवारी १९३८ मध्ये गुजरातेतील हरिपुरा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्याच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख नंदलाल बसू यांना पाचारण केले. नंदलालबाबूंनी हातकागदावर साध्या मातीच्या रंगांत ग्रामजीवनाची ऐंशीहून अधिक चित्रे काढली. ढोल वाजविणारे, सुतार, मल्ल, घरकामात गुंतलेल्या स्त्रिया असे त्यांचे विषय होते. त्यांवरून सहकाऱ्यांनी व विद्यार्थ्यांनी प्रती केल्या आणि एकूण सुमारे ४०० चित्रे तयार झाली. रेषा गुरूची होती, परंतु मंडप भरला तो अनेक हातांनी.

या तिन्ही उदाहरणांच्या प्रकाशात आजची समारंभातील कार्यशाळा पाहावी. तिची नेहमीची पद्धत अशी असते: प्रत्येक पाहुण्याला एक लहान कॅनव्हास दिला जातो, समोर एक नमुना ठेवला जातो आणि सर्वजण दोन तासांत तेच चित्र उतरवून घेतात. यात आनंद नाही असे नाही. परंतु येथे माणसे शेजारी बसून एकेकटी काम करतात. ज्याचा हात सराईत नाही तो संकोचतो, आपले चित्र शेजाऱ्याच्या चित्राशी ताडून पाहतो आणि शेवटी ते घरी कपाटामागे ठेवून देतो.

जुन्या परंपरेतून तीन गोष्टी सहज घेता येतील. पहिली म्हणजे पृष्ठभाग एकच असावा. मोठे कापड, अंगणातील जमीन किंवा एखादी भिंतही चालेल. दुसरी, कामाच्या पायऱ्या असाव्यात. जाणत्याने रेषा आखावी, मध्यम तयारीच्या व्यक्तींनी आकृती पूर्ण कराव्यात आणि मुलांनी व नवख्यांनी ठिपके, पाने, किनार भरावी. तिसरी, चित्राचा विषय त्या प्रसंगाशी निगडित असावा, म्हणजे काय काढावे हा प्रश्नच उरत नाही. शिकविण्यासाठी मिथिलेतील किंवा वारली कलावंतांना योग्य मानधन देऊन, त्यांच्या नावानिशी बोलाविता आले तर अधिकच चांगले. मात्र कोहबर व चौक ही पूजेची चित्रे आहेत, याचे भान ठेवून करमणुकीसाठी त्यांतील देवतांची नक्कल टाळावी. झाडे, पक्षी, नाच, शेतीची कामे असे कितीतरी विषय या शैलींत उपलब्ध आहेत.

अशा रीतीने काढलेले चित्र सुबक होईलच, अशी खात्री देता येत नाही. एखादे पान वाकडे येईल, एखादा रंग ओघळेल. पण ज्या आजींनी पन्नास वर्षांत कुंचला हाती धरलेला नाही, त्या चार ठिपके देऊन जातील आणि त्यांच्या शेजारी बसलेली नात पुढील ठिपका कोठे द्यावयाचा, हे त्यांना दाखवील.