अठ्ठ्यांची जोडी हातात असूनही पत्ते टाकायचे? पोकर स्पर्धेचं गणित समजून घ्या

नवीन पनवेलचा माझा एक मित्र रात्रीची कोकणकन्या पकडून गोव्याला गेला. फिरायला नाही, पोकरची स्पर्धा खेळायला. आधी तो हार्बरच्या लोकलमध्ये बसून मोबाइलवर खेळायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला आणि ते बंद झालं. महाराष्ट्रात कसिनो नाहीत. मग उरला गोवा, मांडवी नदीत उभ्या असलेल्या बोटींवरचे कसिनो.

तिथे तो शेवटच्या चौघांत पोहोचला. बक्षीस फक्त तिघांना होतं. हातात अठ्ठ्यांची जोडी आली, समोरच्याने सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या, यानेही ढकलल्या. समोरून निघाले एक्का आणि राजा. टेबलावर राजा पडला आणि हा रिकाम्या हाताने पनवेलला परत आला. तेव्हापासून भेटला की एकच वाक्य, "अरे, मीच पुढे होतो, नशीब फुटकं!"

तो पुढे होता, हे खरं आहे. तरीही त्याचा निर्णय चुकला होता. हे दोन्ही एकाच वेळी कसं काय खरं असू शकतं?

आधी खेळ थोडक्यात. दिवाळीत तीन पत्ती खेळला असाल तर अर्धं समजेलच. पोकरच्या टेक्सास होल्डेम प्रकारात प्रत्येकाला दोनच पत्ते मिळतात, ते फक्त त्याने बघायचे. नंतर टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच पत्ते उघडतात, आधी एकदम तीन, मग एक, मग एक. पहिल्या तिघांना फ्लॉप म्हणतात. फ्लॉप उघडण्याआधी, नुसत्या दोन पत्त्यांवर जो निर्णय घ्यायचा तो प्री-फ्लॉप. आणि ते दोन पत्ते सारखेच असतील, दोन अठ्ठ्या किंवा दोन राण्या, तर ती पॉकेट पेअर. आपण जोडीच म्हणू.

जोडी साधारण १७ डावांत एकदा येते. एक्क्यांचीच हवी असेल तर २२१ डावांत एकदा. म्हणजे तासभर रद्दी पत्ते टाकत बसलेल्या माणसाला अठ्ठ्या दिसल्या की त्याचा हात शिवशिवणारच.

मोठ्या जोड्यांबद्दल फार बोलायची गरज नाही. एक्के किंवा राजे आले की बोली वाढवायची, एवढं पुरे. नऊ जणांच्या टेबलावर तुमच्याकडे राजे असताना दुसऱ्या कुणाकडे एक्के असण्याची शक्यता जेमतेम ४ टक्के असते, त्या भीतीने राजे टाकणारा माणूस फार दिवस खेळत नाही. गुलामांची जोडी मात्र लोकांना छळते. दिसते मोठी, पण फ्लॉपमध्ये राणी, राजा किंवा एक्का यांपैकी एक तरी पत्ता येण्याची शक्यता ५७ टक्के आहे. म्हणून गुलामांवर जी काही रक्कम लावायची ती फ्लॉपच्या आधी लावलेली बरी.

दुर्री ते सत्ती या छोट्या जोड्यांचा हिशेब वेगळा. त्यांना फ्लॉपमध्ये तसाच तिसरा पत्ता हवा असतो आणि तो साडेआठ वेळांत एकदाच येतो. त्यामुळे समोरच्याने थोडी बोली वाढवली आणि दोघांकडेही चिप्स भरपूर असतील, तरच ती भरून फ्लॉप बघण्यात अर्थ आहे. एकदा लागलं की आधीचं सगळं वसूल झालं पाहिजे. स्पर्धेत मात्र दर काही मिनिटांनी ब्लाइंड, म्हणजे पत्ते वाटण्याआधी सक्तीने लावायची रक्कम, वाढत जाते. सुरुवातीला १०० मोठ्या ब्लाइंडइतक्या असलेल्या चिप्स रात्री दहापर्यंत पंधरा-वीस ब्लाइंडवर येतात. तेव्हा 'बघू तरी लागतं का' म्हणून रक्कम भरणं परवडत नाही. एक तर सगळ्या चिप्स ढकला, नाही तर पत्ते टाका.

आता मित्राच्या डावाकडे येऊ. आकडे सोपे व्हावेत म्हणून गोल करतो. चौघे उरलेत, प्रत्येकाकडे ५,००० चिप्स. बक्षिसं ५०,०००, ३०,००० आणि २०,००० रुपये. चौथ्याला शून्य. सगळ्यांच्या चिप्स सारख्या, म्हणून प्रत्येकाचा वाटा सरासरी २५,००० रुपयांचा.

मित्राने डाव जिंकला असता तर त्याच्या चिप्स दुप्पट, १०,००० झाल्या असत्या. मग वाटाही दुप्पट, ५०,००० व्हायला हवा, बरोबर? इथेच सगळे फसतात. ५०,००० हे तर पहिलं बक्षीस आहे, आणि दोन खेळाडू अजून टेबलावर बसलेत. निम्म्या चिप्स असणाऱ्याचा पहिला नंबर येण्याची शक्यता ५० टक्के, दुसरा ३३, तिसरा १७. हिशेब केला की त्याचा वाटा निघतो सुमारे ३८,३३३ रुपये.

म्हणजे हरला तर २५,००० जाणार, जिंकला तर १३,३३३ वाढणार. असा सौदा तोट्यात जाऊ नये यासाठी डाव जिंकण्याची शक्यता किमान ६५ टक्के हवी. अठ्ठ्या विरुद्ध एक्का-राजा हा सामना असतो साधारण ५५-४५ चा. नुसत्या चिप्सच्या हिशेबाने फायद्याचा, रुपयांच्या हिशेबाने तोट्याचा. (मित्राने ब्लाइंड आधीच भरला होता, तो धरला तर ६५ चा आकडा दोन-तीन टक्क्यांनी खाली येतो. ५५ वर येत नाही.)

मग उरलेले पैसे गेले कुठे? बाजूला बसून नुसते बघणाऱ्या दोघांकडे. या दोघांपैकी एक बाहेर पडणार म्हटल्यावर त्यांचा प्रत्येकी वाटा २५,००० वरून ३०,८३३ झाला, एकही पत्ता न खेळता. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, इथे तिसऱ्याचा आणि चौथ्याचाही.

चिप्सचे असे रुपये करण्याच्या पद्धतीला पोकरमध्ये आयसीएम म्हणतात. गंमत म्हणजे यामागचं सूत्र पोकरचं नाहीच. डेव्हिड हारविल यांनी १९७३ मध्ये शर्यतीत कोणता घोडा कितव्या नंबरावर येईल याची शक्यता काढण्यासाठी ते मांडलं होतं. पोकरवाल्यांनी ते नंतर उचललं.

आता खरी मजेची गोष्ट. याच अठ्ठ्या घेऊन मित्राने स्वतः आधी चिप्स ढकलल्या असत्या, तर तो निर्णय चांगला ठरला असता. कारण तो ६५ टक्क्यांचा प्रश्न मग समोरच्यांना पडला असता. एक्का-दश्शीवाला, नश्श्यांची जोडीवालाही विचारात पडतो, बरेचदा पत्ते टाकतो, आणि ब्लाइंड फुकट मिळतात. ढकलणाऱ्याला जिंकायचे दोन मार्ग असतात, समोरचे पळाले तरी जिंकला आणि पत्ते लागले तरी जिंकला. कॉल करणाऱ्याला एकच.

दोघंच उरले की हे दडपण संपतं. दुसऱ्या नंबरचे पैसे पक्के झालेले असतात, त्यामुळे लढाई फक्त फरकाची राहते आणि चिप्सचा हिशेब तोच रुपयांचा हिशेब होतो. १९८९ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या शेवटच्या डावात फिल हेलम्यूथने नश्श्यांच्या जोडीवर जॉनी चॅनच्या एक्का-सत्तीला हरवलं. तिथे नश्श्या खेळण्यात काहीच चूक नव्हती.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे सॅटेलाइट, जिथे बक्षीस म्हणून मोठ्या स्पर्धेची प्रवेशिका मिळते आणि पहिल्यालाही तेवढंच, दहाव्यालाही तेवढंच. दहा जागा, अकरा माणसं उरली आणि तुमच्याकडे भरपूर चिप्स असतील, तर तितक्याच चिप्सवाल्याने सगळं ढकलल्यावर एक्क्यांची जोडीसुद्धा टाकणं योग्य ठरू शकतं. जिंकून वेगळं काही मिळत नाही, हरलात तर होतं तेही जातं.

हे सगळं मी मित्राला ओरियन मॉलच्या फूड कोर्टमध्ये टिश्यू पेपरवर लिहून दाखवलं. त्याने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "पण त्याच्याकडे एक्का-राजा आहे हे मला कुठे माहीत होतं?"

मुद्दा बरोबर होता. समोरचा काहीही घेऊन ढकलणारा असेल, तर कुठल्याही दोन पत्त्यांविरुद्ध अठ्ठ्या ६९ टक्के वेळा जिंकतात. मग कॉल बरोबर. म्हणून मी विचारलं, तो माणूस कसा खेळत होता?

"दीड तासात दोनदाच पत्ते खेळला असेल."

मग आम्ही धरून चाललो की अशा माणसाकडे दश्शी किंवा त्यावरची जोडी, एक्का-राजा नाही तर एक्का-राणी, एवढंच असणार. त्याविरुद्ध अठ्ठ्या जिंकतात सुमारे ३८ टक्के वेळा.

"आणि राण्या असत्या तर?"

साधारण ५५. राजे असते तर ६७-६८, म्हणजे तिथून पुढे कॉल. त्याने टिश्यू घडी करून खिशात टाकला आणि पुढच्या महिन्याचं कोकणकन्येचं वेटिंग बघायला लागला.