झडपा कशासाठी?

रक्त तपासायला गेलं की दंडाला रबरी पट्टा बांधतात, मूठ आवळायला सांगतात आणि बघता बघता हातावरच्या निळसर शिरा टरारून वर येतात. काहींच्या हातावर या शिरांमध्ये ठिकठिकाणी बारीक गाठी उठलेल्या दिसतात. शिरेच्या आतल्या झडपा तिथे असतात. माणसाला एखादी गोष्ट ‘समजते’ म्हणजे नेमकं काय होतं, या प्रश्नावर या एवढ्याशा गाठींनी जेवढा उजेड पाडला आहे, तेवढा फार थोड्या गोष्टींनी पाडला असेल.

इटलीतल्या पादुआ विद्यापीठात फाब्रिशियस हा शरीररचनेचा नामांकित प्राध्यापक होता. या झडपांवर त्याने १६०३ मध्ये स्वतंत्र पुस्तिकाच छापली. झडपा कशासाठी, हा प्रश्न त्यालाही पडला होता. रक्त सगळंच्या सगळं हातापायांत उतरून साचू नये, त्याचा वेग जरा आवरला जावा, म्हणून निसर्गाने ही सोय केली असावी, असं त्याने ठरवलं. त्या काळच्या समजुतीत हे उत्तर चपखल बसत होतं. अन्नापासून यकृत रक्त बनवतं, ते शिरांतून अंगभर पसरतं आणि तिथेच खर्ची पडतं, असं प्राचीन वैद्य गेलनपासून चौदाशे वर्षं सगळे मानत आले होते.

त्याच पादुआत विल्यम हार्वी हा तरुण इंग्रज शिकत होता. १६०२ मध्ये पदवी घेऊन तो मायदेशी परतला आणि १६२८ मध्ये त्याने रक्ताभिसरणावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. हे त्याला सुचलं कसं? रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलने हे त्यालाच विचारलं होतं, हार्वीच्या अखेरच्या काळात. बॉइलने १६८८ मध्ये ती आठवण लिहून ठेवली. हार्वीच्या सांगण्याचा आशय असा, की शिरांतल्या झडपा रक्ताला हृदयाकडे जाऊ देतात, उलट दिशेने मात्र अडवतात. इतकी काळजीपूर्वक मांडलेली ही रचना हेतूशिवाय असणं त्याला पटेना. मग रक्त शिरांतून हातापायांकडे जातच नसेल. ते रोहिण्यांतून जात असेल आणि शिरांतून परत येत असेल.

म्हणजे आधी ‘कशासाठी’ आणि त्यातून ‘कसं’! विज्ञान हेतूंना थारा देत नाही, असं आपण शाळेपासून ऐकतो. इथे तर आधुनिक शरीरशास्त्राचा पायाच एका हेतूच्या प्रश्नावर उभा आहे.

पण फाब्रिशियसचाही प्रश्न तोच होता. फरक पडला तो पुढच्या पायरीवर. हार्वीने उत्तराला बोटाखाली धरलं, अगदी शब्दशः. दंडाला पट्टा बांधून त्याने फुगलेल्या शिरेवर एक बोट दाबून ठेवलं. दुसऱ्या बोटाने तिथून वरच्या बाजूला, पुढच्या गाठीच्या पलीकडे, रक्त निपटून काढलं. मधला तुकडा सपाट झाला आणि सपाटच राहिला. वरचं रक्त खाली ढकलायला गेलं तर गाठीपाशी अडलं. खालचं बोट उचलताच शीर खालून भरून आली. त्याच्या ग्रंथात या प्रयोगाची चित्रं आहेत, आणि ज्यांच्या शिरा ठळक आहेत त्यांना तो स्वतःच्या हातावर आजही करता येतो.

मग त्याने हिशोब मांडला. एका ठोक्याला हृदयातून अर्धा औंस रक्त बाहेर पडतं असं धरलं आणि अर्ध्या तासात हजार ठोके, तरी पाचशे औंस होतात, म्हणजे चौदा-पंधरा किलो. हे आकडे त्याने मुद्दाम हात राखून धरले होते. माणसाच्या अंगात रक्त असतं साधारण पाच लिटर. एवढं नवं रक्त दर अर्ध्या तासाला कोणत्या जेवणातून तयार होणार? तेच रक्त फिरत असलं पाहिजे. मात्र ते रोहिणीतून शिरेत नेमकं कुठून शिरतं, हे त्याला कधीच दिसलं नाही. हार्वी १६५७ मध्ये वारला आणि १६६१ मध्ये इटालियन शरीरशास्त्रज्ञ माल्पीगीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहिल्या.

गंमत अशी, की हार्वीच्या रुग्णांत तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन होता. हेतूंचा शोध वांझ असतो, देवाला वाहिलेल्या कुमारिकेसारखा तो काहीच प्रसवत नाही, असं बेकनने १६२३ मध्ये लिहून ठेवलं. पाचच वर्षांनी त्याच्याच वैद्याचं पुस्तक आलं!

बेकनला वेड्यात काढणं मात्र अन्यायाचं होईल, कारण हेतू शोधण्याची आपल्याला फार घाई असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेबोरा केलेमन यांनी लहान मुलांना विचारलं, काही खडक टोकदार का असतात? बारीक कण साठत गेले, हे उत्तर समोर असूनही मुलांना दुसरं आवडलं, प्राण्यांनी वर बसू नये म्हणून! आपण मोठे त्यातून सुटलो असंही नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, झटपट उत्तर द्यायला लावल्यावर व्यावसायिक शास्त्रज्ञसुद्धा असली चुकीची हेतूंची स्पष्टीकरणं जास्त वेळा मान्य करताना आढळले. तत्त्वज्ञ स्पिनोझाने हे सतराव्या शतकातच ओळखलं होतं. आपण हेतू मनात धरून वागतो, म्हणून निसर्गही तसाच वागतो असं धरून चालतो, ही त्याची तक्रार होती.

मग हेतू खरा असतो कुठे, झडपेत की पाहणाऱ्यात? आपल्या न्यायदर्शनात सोळा पदार्थांच्या यादीत प्रमाण, प्रमेय, संशय यांच्यानंतर लगेच प्रयोजन येतं. पण तिथे ते कृती करणाऱ्याचं प्रयोजन आहे. ज्यासाठी माणूस हातपाय हलवतो, विचाराला लागतो, ते. झडप काही विचाराला लागत नाही.

या पेचावर मला सर्वांत समाधानकारक वाटतो तो जर्मन तत्त्वज्ञ कांट. १७९० च्या त्याच्या ग्रंथात घड्याळ आणि झाड शेजारी उभी आहेत. घड्याळातलं एक चाक दुसऱ्याला फिरवतं, पण घडवत नाही. झाड मात्र पानं घडवतं आणि पानं झाडाला जगवतात. वारंवार पानं ओरबाडली तर झाड मरतं. अशी वस्तू ‘कशासाठी’ विचारल्याशिवाय आपल्याला उलगडतच नाही. पण कांट लगेच बजावतो, की हेतू आपण निसर्गात पाहिलेला नसतो. तो आपल्या बुद्धीचा वाटाड्या आहे. ‘जणू काही हेतू आहे’ असं धरून चालायचं आणि वाटेतलं प्रत्येक पाऊल कारणांनीच टाकायचं. गवताचं पातं निव्वळ कारणांनी उलगडून दाखवणारा न्यूटन कधी जन्माला येणार नाही, असंही तो म्हणाला होता. १८५९ मध्ये डार्विनने हेतू न मानता हेतूसारखी रचना कशी घडते, ते दाखवलं. वाटाड्या तरीही कामावर आहे. आजही जीवशास्त्रज्ञ नवं प्रथिन सापडलं की पहिला प्रश्न विचारतात तो ‘हे करतं काय?’

कधी उत्तर ‘कशासाठीही नाही’ असं येतं. मेंदूकडून स्वरयंत्राकडे जाणारा एक चेतातंतू छातीत उतरतो, महारोहिणीला वळसा घालतो आणि पुन्हा गळ्यात चढतो. जिराफात हा वळसा कित्येक मीटरचा होतो. वळशाला प्रयोजन नाही, इतिहास आहे. माशांसारख्या पूर्वजांत तीच वाट सरळ होती.

आणि कधी ‘कशासाठीही नाही’ म्हणण्याचीच घाई होते. छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीला फारसं काम नाही, असं विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेकांचं मत होतं. प्रौढ प्राण्यातून ती काढली तरी फारसं काही बिघडलेलं दिसत नसे. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी लंडनमध्ये नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली. ती पिल्लं पुढे आजारांना बळी पडू लागली. त्यांच्या अंगावर परक्या उंदरांची कातडी लावली तर शरीराने ती झिडकारली नाही, उलट तिच्यावर केसांचे झुपके वाढले. ग्रंथीचं बरंचसं काम आयुष्याच्या सुरुवातीलाच उरकत होतं, आणि तोवर सगळे ते प्रौढ उंदरांत शोधत होते.